खामगावात बघण्यासारखं काय आहे?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझा आतेभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला एमएस्सी करतोय. मूळचा पक्का खामगावचा. एका मंगळवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागून मेंढ्यांचा नुसता कालवा! मला वाटलं, हा गावी परत आला की काय. तर नाही. लेस्टरपासून ट्रेननं पंधरा-वीस मिनिटांवर मेल्टन मोब्रे नावाचं गाव आहे. तिथं दर मंगळवारी बाजार भरतो. पठ्ठ्या क्लास बुडवून बाजार बघायला गेला होता.

त्यानं फोन फिरवून सगळं दाखवलं. मधे रिंगण, रिंगणात मेंढ्या, उंच जागेवर उभा राहून एक माणूस न थांबता आकडे बोलतोय. भोवती टोप्या घातलेले शेतकरी. बोली लावायची पद्धत म्हणजे नुसती मान हलवायची किंवा बोट उचलायचं. आणि या सगळ्यांच्या मागे कठड्याला टेकून उभे असलेले पर्यटक. होय, पर्यटक! मेंढ्यांचा लिलाव बघायला आलेले. बाजार बघायचा, गावातला प्रसिद्ध पाय खायचा, चीज घ्यायचं, जुनं चर्च बघायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. झाली वन डे ट्रिप.

‘‘काय भारी आहे ना?’’ तो म्हणाला.

मी म्हटलं, ‘‘अरे, खामगावच्या यार्डात सोयाबीनचा हर्रास असाच होतो की.’’

तो दोन सेकंद गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘हो का? मी कधी बघितलाच नाही.’’

वीस वर्षं खामगावात राहिलेला मुलगा बाजार बघायला सात हजार किलोमीटर लांब गेला. मी त्याला भरपूर हसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी तरी कुठे बघितलाय? आमचं गाव खामगावपासून अठरा किलोमीटर. बाबा पंचवीस वर्षं तिथे कापूस विकतात. त्या कापसाच्या पैशावर माझ्या हॉस्टेलची फी भरली गेली. आणि मी तो बाजार एकदाही पाहिलेला नव्हता.

आपली ठरलेली तीन उत्तरं

तुम्हीपण बाहेरगावी शिकत असाल तर हा प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारलाच असेल, ‘तुमच्या बुलडाण्यात बघायला काय आहे?’ आपलं उत्तर पाठ आहे. शेगाव, लोणार, सिंदखेड राजा. गजानन महाराजांचं दर्शन, उल्केनं तयार झालेलं सरोवर, जिजाऊंचं जन्मस्थान. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. लोणारला तर २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते.

या यादीत खामगाव कधीच नसतं. खामगाव म्हणजे एसटी बदलायचं गाव. लग्नाचा बस्ता, चांदीचे पैंजण, ट्रॅक्टरचे पार्ट आणि दवाखाना. कामासाठी जायचं आणि काम झालं की निघायचं. ‘बघायला’ कशाला जायचं?

माझं म्हणणं असं आहे की खामगाव हे बघण्यासारखं गाव आहे. त्याच्या बाजारासाठीच बघण्यासारखं आहे. आणि बाहेरचे पर्यटक येतील तेव्हा येतील, आधी आपण पोरापोरींनी तिथे एक दिवस पाहुण्यासारखं जायला हवं. मी गेले. काय काय केलं ते सांगते.

जलंबवरून गाडी पकडा

एसटीनं जाऊ नका. जलंबला उतरा आणि तिथून खामगावची छोटी गाडी पकडा. तेरा-एक किलोमीटरचा फाटा, अर्ध्या तासाच्या आत खामगाव. दोन्ही बाजूंना कापूस, तूर, हरभरा. गाडीत रोजचेच प्रवासी, सगळे एकमेकांना ओळखणारे.

मुद्दाम हीच गाडी का, तर ही लाइन माणसांसाठी टाकलेलीच नव्हती. ती कापसासाठी टाकली होती. मुंबईहून निघालेला मुख्य रेल्वेमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. तो मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत अकोल्याकडे गेला आणि खामगाव बाजूला राहिलं. पण खामगावचा कापसाचा बाजार तेव्हा एवढा मोठा होता की त्याच्यासाठी वेगळा फाटा टाकला गेला. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. भारताचा व्हाइसरॉय, खामगावात!

याचं कारण शोधायला इंग्लंडमध्येच जावं लागतं. मँचेस्टरच्या भागातल्या गिरण्यांना कापूस अमेरिकेतून जायचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि तो पुरवठा तुटला. गिरण्या बंद पडायला लागल्या. मग इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर पडली. निजामाकडून १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार त्यांनी घेतला होताच. युद्धाच्या काळात इथे भाव कडाडले आणि युद्ध संपल्यावर कोसळलेही. पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, १८७० मध्ये मुंबई ते इंग्लंड समुद्राखालून तार जोडली गेली आणि त्याच वर्षी खामगावला रेल्वे आली. म्हणजे लिव्हरपूलचा भाव खामगावला कळायला आता महिना लागणार नव्हता.

आज बाबांच्या मोबाइलवर सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘न्यूयॉर्क वायदा तुटला’ असा मेसेज येतो आणि घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. मी लहानपणापासून विचार करायचे, न्यूयॉर्कचा आणि आमच्या वावराचा काय संबंध? दीडशे वर्षांपासूनचा आहे, हे त्या गाडीत बसल्यावर कळलं. शाळेत अमेरिकेचं यादवी युद्ध पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. त्यात आपल्या तालुक्याचं नाव असायला हवं होतं, हे कुणी सांगितलंच नाही.

आणखी एक. खामगावची रेल्वे तिथेच संपते. ती पुढे जालन्यापर्यंत न्यावी ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. आपल्या पणजोबांच्या वेळची मागणी आपण अजून निवडणुकीत ऐकतोय. फलाटाच्या टोकाला जाऊन रूळ संपतात ती जागा बघून या. हसू येईल आणि रागही.

यार्डात उभे राहा

मग बाजार समितीच्या यार्डात जा. सोयाबीन आणि तुरीचे ढीग लागलेले असतात. अडत्ये, व्यापारी, हमाल, मापारी असा घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकतो. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर दाणे काढतो, तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली फोडून बघतो. बोली सुरू होते आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतेही. पहिल्या दोन ढिगांना मला काहीच कळलं नाही. तिसऱ्याला थोडं कळलं. दहाव्या ढिगाला मी मनातल्या मनात भाव लावायला लागले आणि एकदा बरोबरही आला!

मेल्टन मोब्रेच्या रिंगणात हेच चालतं. फरक एवढाच की तिथं बघणाऱ्यासाठी कठडा आहे, इथं तुम्ही हमालाच्या वाटेत येता. म्हणून बाजूला उभं राहायचं. फोटो काढायच्या आधी विचारायचं. मी विचारलं तेव्हा एक काका म्हणाले, ‘‘काढ ना व, पण भाव बी छाप त्याच्याखाली.’’

जिनिंगवर, बाबांसोबत

कापसाचं मात्र बाबांसोबतच बघायचं ठरवलं. मी म्हटलं, ‘‘बाबा, या वेळी मी येते गाडीवर.’’ बाबा हसले, ‘‘तिथं काय हाय व पाहाले?’’ आईनं वेगळाच मुद्दा काढला, ‘‘तिथं सारे माणसं असतात. तू काहून जातं?’’

आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. वावरात दहीभात ठेवून पूजा. ती आई करते. वेचणी बाया करतात. कंबर मोडते, बोटांना बोंडाचे काटे लागतात. म्हणजे कापूस घरात येईपर्यंत सगळं काम बाईच्या हातचं. गाडीत भरला की तो पुरुषांचा. भाव ठरतो तिथे ज्यांनी वेचला त्यांच्यातलं कुणीच नसतं. आईसुद्धा खामगावच्या जिनिंगवर कधी गेलेली नाही.

पिकअपमध्ये चौदा क्विंटल कापूस. गेटवर रांग. दोन तास तशातच गेले. मग एकानं गाडीच्या वरच्या थरातून मूठभर कापूस घेतला, दोन अंगठ्यांत धागा ओढून लांबी बघितली, मीटर लावला. ‘‘मॉइश्चर तेरा.’’ त्या हिशेबानं भाव कापला. बाबा काही बोलले नाहीत. आम्ही तो कापूस तीन दिवस गच्चीवर वाळवला होता. वरचा थर रात्रीच्या दवानं ओला झाला असणार, कारण गाडी आदल्या रात्रीच भरून अंगणात उभी होती.

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘मधला कापूस काढून परत लावता का मीटर?’’

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. बाबापण. पण त्यानं हात आत घालून मधला कापूस काढला. अकरा. क्विंटलमागे ऐंशी रुपये वाढले. चौदा क्विंटलचे अकराशे वीस.

परत येताना बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘पंचवीस साल झाले, म्या कधी दुसऱ्या डाव नाही लावाले सांगतला.’’ मला त्यात शाबासकी ऐकू आली, पण वाईट जास्त वाटलं. पंचवीस वर्षं, दर वर्षी किमान दोन गाड्या. गणित मी केलं नाही.

जिनिंग आतूनही बघितलं. परवानगी घेऊन, ओढणी नाकाला बांधून. यंत्रात कापूस जातो, एकीकडे रुई निघते, दुसरीकडे सरकी. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई आणि उरलेली बहुतेक सरकी. सरकीचं तेल काढतात, ढेप गुराढोरांना. रुई प्रेसमध्ये दाबून एकशे सत्तर किलोची गठाण होते. आपण अंगात घालतो त्या टीशर्टचा हा पहिला कारखाना. फॅशन डिझाइनच्या, टेक्सटाइलच्या, कॉमर्सच्या किती मुलांनी तो पाहिलाय?

आता गावात फिरा

बाजार झाला की पोटोबा. कढईतले गरम आलुबोंडे आणि तळलेली मिरची. कचोरी खायची तर खरं शेगावलाच. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबानं १९५० च्या आसपास शेगाव स्टेशनवर ती सुरू केली आणि रेल्वेनं तिला देशभर नेलं. मेल्टन मोब्रेच्या पायला भौगोलिक मानांकनाचं संरक्षण आहे. ठरवून दिलेल्या भागात आणि ठरलेल्या पद्धतीनं बनवला तरच ते नाव लावता येतं. नागपूरच्या संत्र्याला, जळगावच्या भरीत वांग्याला मानांकन मिळालंय तसंच. आपल्या कचोरीचा बोर्ड मात्र पुण्यापासून कुठेही, कुणीही लावतं.

मग चांदीचा बाजार. खामगावला ‘रजतनगरी’ म्हणतात ते उगाच नाही. चांदीच्या शुद्धतेसाठी लोक लांबून इथे येतात. माझी आजी सांगते, कापसाचे पैसे आले की आधी बाईच्या पायात चांदी पडायची. काही घ्यायची ऐपत नसली तरी दुकानाबाहेरून बघायला पैसे पडत नाहीत. मूर्ती, ताटं, देव्हारे... मी एक जोडवं घेतलं, आईसाठी. बाकी फुकट बघितलं.

टिळक राष्ट्रीय विद्यालयही बघा. इंग्रजांच्या शाळांना पर्याय म्हणून राष्ट्रीय शिक्षणाची जी चळवळ झाली, तिच्यातून उभी राहिलेली ही शाळा चित्रकलेसाठी ओळखली जाते. कोजागिरीच्या सुमारास गेलात तर सोन्याहून पिवळं. सगळीकडे नवरात्र संपलेलं असतं आणि खामगावात मोठी देवी बसते. दहा-अकरा दिवस गाव झोपत नाही. संध्याकाळी जनुना तलावावर जाऊन बसा. तिथे शांत वाटतं.

‘गरिबी बघायला जायचं का?’

हे सगळं एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘म्हणजे शेतकरी रांगेत उभा, आणि आपण तिथे सेल्फी काढायचे?’’

प्रश्न बरोबर आहे. आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांतला जिल्हा आहे. बाजार म्हणजे आमच्यासाठी पोस्टकार्ड नाही, वर्षाचा निकाल लागतो तिथे. आणि इंग्लंडमध्येही सगळं गोडगोड नाही. आतेभावानंच सांगितलं की तिथल्या कितीतरी गावांतले गुरांचे बाजार बंद पडले, त्या जागी सुपरमार्केट आणि पार्किंग आलं. दुकानांवर जुन्या पाट्या आहेत, आत मोबाइलची कव्हरं. मेल्टन मोब्रेच्या बाजाराचा उल्लेख १०८६ सालच्या डोम्सडे नोंदीत आहे आणि तो आजही भरतो, म्हणून तर तो लोकांना बघावासा वाटतो.

आपल्याकडेही बाजार आतून बदलतोय. व्यापारी गावात येऊन खेडा खरेदी करतो. १९७२ ला सुरू झालेली एकाधिकार खरेदी आता आजोबांच्या गप्पांत उरलीय. तेव्हाच्या बैलगाड्यांच्या रांगा, रात्ररात्र रस्त्यावर काढलेले मुक्काम... हे सांगणारी माणसं ऐंशीच्या घरात आहेत. ती गेली की विचारायचं कुणाला? लॉर्ड मेयो आले होते हे सांगणारी एक साधी पाटी मला त्या दिवशी स्टेशनवर दिसली नाही.

म्हणून मला वाटतं, बघायला जाणं आणि तमाशा करणं यात फरक आहे. तमाशा बघणारा प्रश्न विचारत नाही. आपण विचारू शकतो. यार्डात आणि जिनिंगवर बायांसाठी संडास कुठे आहे, हा प्रश्न मला गूगलवरून सुचला नसता. तिथं सहा तास काढले म्हणून सुचला! मी बिनपाण्याची बसून होते. जिनिंगवर रोज कामाला येणाऱ्या बाया काय करत असतील?

जिथं कुणी बघत नाही, तिथं मीटर एकदाच लागतो.

तर, करायचं काय?

फार मोठं काही नाही. दिवाळीनंतर कापसाचा सीझन लागतो. एनएसएसचं शिबिर, कॉमर्सची फील्ड व्हिजिट, इतिहासाचा प्रोजेक्ट, जे असेल त्यातला एक दिवस खामगावच्या बाजाराला द्या. सकाळी जलंबची गाडी, दुपारपर्यंत यार्ड आणि जिनिंग, मग गाव. प्रत्येकानं एका म्हाताऱ्या माणसाची एकाधिकारच्या काळातली आठवण मोबाइलवर रेकॉर्ड करायची, त्यांना विचारून. पन्नास पोरं गेली तर पन्नास आठवणी. कापसाचं म्युझियम व्हायचं तेव्हा होईल. त्यात ठेवायला काहीतरी असेल.

जे खामगावातच शिकतात त्यांना तर गाडीचीही गरज नाही. आणि मुलींनो, तुम्ही नक्की जा. ‘तिथं सारे माणसं असतात’ हे घरून ऐकावं लागेल. असतात. चहा पाजतात, भाव समजावून सांगतात, आणि आपण मीटर परत लावायला सांगितला तर लावतातही.

आतेभाऊ जूनमध्ये येतोय. त्याला मी सांगून ठेवलंय, पहिल्याच आठवड्यात यार्डात जायचं. तेव्हा कापूस नसेल, तुरीचे ढीग असले तर असतील. या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या गाडीवर मात्र जागा नाही. ड्रायव्हरच्या शेजारी मी आणि खिडकीत आई बसणार आहे.